लग्नाची जुनी कॅसेट टीव्हीवर लावताना माणसं लांबुडकी दिसू नयेत म्हणून

मुहूर्ताच्या वेळी व्हिडिओ शूटिंगवाला एक गोष्ट हमखास करायचा, कार्यालयाच्या भिंतीवरच्या घड्याळावर झूम मारायचा. मंगलाष्टकं संपत आलेली, अंतरपाट अजून धरलेला, सगळ्यांच्या मुठीत अक्षता, आणि मधेच दोन-तीन सेकंद नुसतं घड्याळ. १२ वाजून ३७ मिनिटं. तुमच्या घरच्या कॅसेटमध्ये पण असेल, शोधून ठेवा, कारण आख्खं पुढचं काम त्या घड्याळावर चालणार आहे.

माझ्या धाकट्या मावशीचं लग्न २००६ च्या मे महिन्यात साताऱ्याला झालं. तीन मिनीडीव्ही टेप होत्या, त्या आम्ही एका दुकानात देऊन पेनड्राइव्हवर करून आणल्या आणि रात्री जेवणं झाल्यावर सगळे हौसेनं टीव्हीसमोर बसलो. पहिल्या मिनिटातच काहीतरी खटकलं. सगळी माणसं उंच, बारीक, चेहरे लांबुडके, नवरदेवाचा फेटा तर डोक्यावर कळशी ठेवल्यासारखा दिसत होता. माझ्या मुलीनं पणजीला कधी पाहिलेलं नाही, ती म्हणाली, पणजी एवढी उंच होती का गं आजी? आई म्हणाली, नाही गं बाळा, ती ठेंगणी होती, गोल चेहऱ्याची, हे काहीतरी बिघडलंय. आजीचा हलता-बोलता व्हिडिओ आमच्याकडे हा एवढाच आहे, आणि त्यात ती आजीसारखी दिसतच नव्हती. तेव्हापासून मी हा विषय नीट शिकले, आता नात्यातल्या बऱ्याच जणांच्या टेप आणि डीव्हीडी मीच करून देते. जे जमलं ते इथे लिहितेय, म्हणजे कुणाची आजी अशी हरवायला नको.

आधी बिघडतं काय ते समजून घ्या, मग बटणं कुठली दाबायची ते आपोआप कळतं. आपल्याकडे टीव्हीची पद्धत होती पॅल, म्हणजे ६२५ ओळी, त्यातल्या ५७६ चित्राच्या, सेकंदाला २५ फ्रेम. मिनीडीव्ही टेप असो नाहीतर डीव्हीडी, पॅलमध्ये चित्र साठतं ७२० बाय ५७६ पिक्सेलमध्ये, म्हणजे ठिपक्यांत. आता गंमत बघा, जुन्या चौकोनी टीव्हीचं ४:३ (रुंदी ४ तर उंची ३) चित्र पण ७२० बाय ५७६ आणि वाइडस्क्रीन १६:९ चित्र पण ७२० बाय ५७६. डबा तोच. वाइडस्क्रीनचं चित्र आडवं दाबून त्या डब्यात बसवलेलं असतं आणि दाखवताना परत ताणायचं असतं, म्हणजे त्यातला प्रत्येक पिक्सेल चौरस नसून आडवा रुंद असतो. त्याला अ‍ॅनामॉर्फिक म्हणतात. आणि हे ताणायचं की नाही हे सांगायला फाइलमध्ये एक छोटीशी खूण असते, तिला फ्लॅग म्हणतात. सगळा घोळ या खुणेचा आहे. टेपवरून काँप्युटरवर घेताना, एडिट करताना, कन्व्हर्ट करताना कुठेतरी ती खूण गळते किंवा चुकीची बसते, किंवा खूण बरोबर असूनही टीव्हीचा यूएसबी प्लेअर तिच्याकडे बघतच नाही. मग दाबलेलं चित्र दाबलेलंच दिसतं. डीव्हीच्या, म्हणजे मिनीडीव्ही टेपवरून थेट उतरवलेल्या, एव्हीआय फाइलीत तर हे फार होतं, कारण खूण आतल्या डीव्ही स्ट्रीममध्ये लपलेली असते आणि बरेच प्लेअर ती न वाचता सरळ ४:३ धरून चालतात.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे, टीव्हीला अंदाज करायला काही ठेवूच नका. पेनड्राइव्हवर जी फाइल जाईल तिचे पिक्सेल चौरस असू देत, फ्रेम पूर्ण १६:९ असू दे, आणि काळ्या पट्ट्या लागत असतील तर त्या पण चित्रातच भाजून टाका. मग तुमचा टीव्ही नवा असो जुना असो, काकांकडचा असो नाहीतर हॉटेलातला असो, त्याच्याकडे चुकायला जागाच राहत नाही.

आता घड्याळाकडे या. टीव्हीवर व्हिडिओ लावा, घड्याळाच्या शॉटला पॉज करा, आणि शिवणकामाची टेप घेऊन स्क्रीनवरच्या घड्याळाची रुंदी आणि उंची मोजा. हो, खरंच मोजा, डोळ्यांना सवय होते आणि पाच मिनिटांनी चुकीचं पण बरोबर वाटायला लागतं. घड्याळ समोरून घेतलेलं पाहिजे. आरतीचं ताट चालत नाही, ते तिरकं धरलेलं असतं म्हणून तसंही लंबगोल दिसतं. घड्याळ नसेल तर समोरून दिसणारा गाडीचा हेडलाइट, टेबलफॅन, भिंतीवरची गोल फ्रेम असलं काहीतरी शोधा. रुंदीला उंचीनं भागा. आमच्या मावशीच्या घड्याळाची रुंदी आली साडेसतरा सेंटीमीटर आणि उंची चोवीस, म्हणजे ०.७३.

या आकड्यावरून रोग कळतो. ०.७५ च्या आसपास आलं तर वाइडस्क्रीन चित्र आहे आणि ते ४:३ समजून दाखवलं जातंय. ०.७० आलं तर खूण पूर्ण गळलीय आणि ७२० बाय ५७६ जसंच्या तसं चौरस पिक्सेल धरून दाखवलं जातंय, ते प्रमाण ५:४ होतं, ना इकडचं ना तिकडचं. उलट १.३३ आलं, म्हणजे घड्याळ चपटं, माणसं जाडी, तर मूळ चित्र ४:३ आहे आणि टीव्ही ते ओढून पूर्ण स्क्रीनभर पसरवतोय, जुन्या शूटिंगला हे सगळ्यात जास्त दिसतं आणि लोकांनी ते इतकं चालवून घेतलंय की वाईट वाटतं. ०.९४ आलं तर ४:३ चित्राची खूण गळलीय, हे पटकन लक्षात येत नाही, नुसतं वाटत राहतं की चेहरे जरा ओढलेले आहेत.

अमेरिकेतल्या नातेवाइकांची डीव्हीडी असेल तर आकडे वेगळे. न्यू जर्सीच्या माझ्या चुलतभावानं मुंजीची डीव्हीडी पाठवली होती ती एनटीएससी या तिकडच्या पद्धतीची, म्हणजे ७२० बाय ४८० आणि सेकंदाला २९.९७ फ्रेम. तिथे खूण गळली तर वाइडस्क्रीनचं घड्याळ ०.८४ येतं आणि ४:३ चं १.१३, म्हणजे थोडं जाड. ती पॅलमध्ये बदलायच्या भानगडीत पडू नका, आताचे टीव्ही दोन्ही चालवतात, फ्रेमरेट बदलला की हालचाल झटके मारायला लागते. फक्त आकार सुधारा, १६:९ असेल तर ८५४ बाय ४८०, ४:३ असेल तर ६४० बाय ४८०.

टीव्हीवर मोजण्याच्या आधी एक काम मात्र करा, नाहीतर दोष फाइलीचा की टीव्हीचा ते कळणार नाही. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जा आणि साइज किंवा आस्पेक्ट रेशो (रुंदी-उंचीचं प्रमाण) जे काही नाव असेल ते बघा. सॅमसंगमध्ये पिक्चर साइज असतं, एलजीमध्ये आस्पेक्ट रेशो, सोनीमध्ये वाइड मोड. तिथे झूम, वाइड झूम, स्मार्ट असलं काही निवडलेलं असेल तर काढा, १६:९ किंवा ओरिजिनल किंवा फुल ठेवा. यूएसबीवरून व्हिडिओ चालू असतानाच हे सेटिंग बघा, कारण बऱ्याच टीव्हीत सेट टॉप बॉक्सचं सेटिंग वेगळं आणि यूएसबीचं वेगळं असतं, तुम्ही केबल चालू असताना बदलता आणि पेनड्राइव्हला काहीच फरक पडत नाही. वाइड झूम हा तर मला सगळ्यात खोटा प्रकार वाटतो, मधला भाग बऱ्यापैकी ठेवतो आणि कडा ताणतो, म्हणजे मधोमध बसलेले नवरा-नवरी ठीक आणि कडेला उभी असलेली आत्या दुप्पट. आणि साधा झूम म्हणाल तर ४:३ चित्र स्क्रीनभर झूम केलं की उंचीचा चौथा भाग कापला जातो. ग्रुप फोटोच्या शॉटला वरचे फेटे गेले आणि खाली मांडी घालून बसलेली पोरं गेली. ती पोरं आता तिशीची आहेत, त्यांना स्वतःला बघायचं असतं हो.

अजून एक, ओव्हरस्कॅन. टीव्ही चित्राच्या चारही कडा थोड्या कापून दाखवतो, ही जुन्या काचेच्या टीव्हीपासूनची सवय. कॅसेटच्या सुरुवातीला खाली आलेलं चि. सौ. कां. वाल्या नावाचं टायटल अर्धं कापलेलं दिसत असेल तर हेच. सॅमसंगमध्ये फिट टू स्क्रीन, एलजीमध्ये जस्ट स्कॅन, सोनीमध्ये फुल पिक्सेल, ते चालू करा. आकार याने बिघडत नाही पण अक्षरं जातात.

बरं, आता फाइल. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल टाका. विड्थ, हाइट, डिस्प्ले आस्पेक्ट रेशो, स्कॅन टाइप या चार ओळी एका कागदावर लिहून घ्या. माझ्या फाइलीत होतं ७२०, ५७६, ४:३, इंटरलेस्ड. घड्याळ सांगतंय वाइडस्क्रीन, फाइल म्हणतेय ४:३. घड्याळाचं ऐकायचं. खूण खोटं बोलू शकते, गोल वस्तू बोलत नाही.

खात्री करायला काँप्युटरवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये फाइल लावा आणि कीबोर्डवरचं ए दाबत जा, दर वेळी आस्पेक्ट रेशो बदलतो आणि वर लिहून येतो. १६:९ ला आल्यावर घड्याळ गोल झालं का बघा. झालं तर निदान पक्कं. पण व्हीएलसीत गोल दिसलं म्हणून फाइल सुधारली असं समजू नका, ते फक्त त्या वेळेपुरतं दाखवणं आहे, फाइल आहे तशीच आहे. माझ्या मामानं व्हीएलसीत नीट करून बघितलं आणि तीच फाइल परत पेनड्राइव्हवर टाकली, टीव्हीवर परत सगळे बारीक.

नुसती खूण बदलायचा पण मार्ग आहे. एमकेव्हीटूलनिक्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल घेऊन व्हिडिओ ट्रॅकला आस्पेक्ट रेशो १६:९ लिहिला की नवी एमकेव्ही काही मिनिटांत तयार, चित्राला हातच लावलेला नाही, क्वालिटी जराही उतरत नाही. काँप्युटरवर बघणार असाल तर हाच सगळ्यात उत्तम मार्ग. पण टीव्ही ती खूण मानेल याची खात्री नाही, आमच्या बेडरूमचा टीव्ही मानतो आणि हॉलमधला मानत नाही. म्हणून टीव्हीसाठी मी पिक्सेलच बदलून टाकते.

त्यासाठी हँडब्रेक, व्हिडिओ कन्व्हर्ट करायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. व्हर्जनप्रमाणे बटणांच्या जागा थोड्या इकडेतिकडे होतात पण नावं साधारण हीच. फाइल उघडा, प्रीसेट कुठला पण साधा घ्या, १०८० पी ३० फास्ट वगैरे, आपण पुढे बदलणारच आहोत. समरीमध्ये फॉरमॅट एमपी४ ठेवा. मग डायमेन्शन्सच्या टॅबवर जा, खरं काम इथे आहे.

पहिलं क्रॉपिंग. हे ऑटोमॅटिकवर असतं आणि ते तसंच सोडणं धोक्याचं. सॉफ्टवेअर काही ठिकाणी फ्रेम तपासून काळ्या कडा शोधतं आणि कापतं, लग्नाच्या व्हिडिओत रात्रीची वरात असते, काळं आकाश असतं, फुलांची नक्षीवाली काळी फ्रेम एडिटिंगवाल्यानं टाकलेली असते, ते कडा म्हणून कापलं गेलं तर पुढचं सगळं गणित चुकतं. कस्टम करा, चारही बाजू आधी शून्य. कडेचं काय करायचं ते पुढे सांगते.

दुसरं अ‍ॅनामॉर्फिक. तिथे कस्टम निवडा आणि पिक्सेल आस्पेक्ट १ आणि १ लिहा, म्हणजे चौरस. कीप आस्पेक्ट रेशोवर टिक असेल तर काढा, कारण तो टिक फाइलीतल्या खुणेवर विश्वास ठेवतो आणि आमची खूण तर खोटी आहे. अलाउ अपस्केलिंगला, म्हणजे चित्र मूळ आकारापेक्षा मोठं करू देण्याला, टिक द्या. मग विड्थ १०२४, हाइट ५७६. खाली डिस्प्ले साइज म्हणून जे दिसतं ते पण १०२४ बाय ५७६ आलं पाहिजे, दुसरं काही दिसत असेल तर कुठलातरी टिक राहिलाय.

१०२४ च का, तर ५७६ ला १६ नं गुणा आणि ९ नं भागा, बरोबर १०२४ येतात, वर अपूर्णांक नाही. आणि दोन्ही आकडे १६ नं भाग जातात, व्हिडिओ दाबून साठवणाऱ्या कोडेकना असे आकडे आवडतात. काही जण उलट करतात, रुंदी ७२० च ठेवतात आणि उंची ४०५ च्या आसपास कमी करतात, आकार त्यानंही बरोबर येतो, अपस्केलिंगचा टिक नसेल तर सॉफ्टवेअर पण कधीकधी तिकडेच नेतं. पण तसं करू नका. टेपवर ५७६ ओळी आहेत, त्यातल्या जवळजवळ १७० तुम्ही फेकून देताय, ज्या परत कधी मिळणार नाहीत. ओळी ठेवा, रुंदी वाढवा. आणि या निमित्तानं थेट १९२० बाय १०८० पण करत बसू नका, ते काम टीव्ही स्वतः बऱ्यापैकी करतो, फाइल उगाच फुगते.

तिसरं, फिल्टर्समध्ये डीइंटरलेस. इंटरलेस्ड म्हणजे एका फ्रेममध्ये दोन वेगवेगळ्या क्षणांच्या ओळी एकाआड एक विणलेल्या असतात. ते न सोडवता उंची बदलली की दोन्ही क्षण एकमेकांत कालवले जातात आणि हात हलला की कंगव्यासारखे दाते दिसतात, ते नंतर कशानंही निघत नाही. याडिफ किंवा बीडब्ल्यूडिफ निवडा, प्रीसेट बॉब, आणि व्हिडिओच्या टॅबवर फ्रेमरेट ५०, कॉन्स्टंट. बॉबनं दोन्ही क्षणांची वेगळी फ्रेम होते, २५ च्या ५० होतात, लेझीम आणि वरातीतला नाच एकदम मूळ टेपसारखा सळसळीत दिसतो. हे २५ ला पण चालतं, पण एकदा ५० चं बघितलं की परत जावंसं वाटत नाही.

बाकीचं पटकन. एन्कोडर एच.२६४, क्वालिटी आरएफ १८ ते २०, आवाज एएसी १६० किंवा त्याच्या वर. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची एक फाइल त्यात जात नाही, टेपप्रमाणे वेगळ्या फाइली करा, किंवा टीव्ही एक्सफॅट वाचत असेल तर तसा फॉरमॅट करा.

आणि आख्खी टेप लगेच कन्व्हर्टला लावू नका. रेंजमध्ये सेकंद निवडून घड्याळाच्या शॉटचे फक्त ३० सेकंद करा, पेनड्राइव्हवर टाका, ज्या टीव्हीवर बघणार त्याच टीव्हीवर लावा आणि परत शिवणकामाच्या टेपनं मोजा.

मी मोजलं तेव्हा रुंदी आली साडेतेवीस आणि उंची चोवीस. गोल दिसत होतं, घरच्यांनी म्हटलं झालं की, पण अर्धा सेंटीमीटर कमी होता आणि तो मला सोडवेना. आधी पण ०.७५ च्या जागी ०.७३ आला होता, तोच हा फरक. कारण शोधायला जरा वेळ लागला. डिजिटल व्हिडिओची ७२० रुंदी ठरवताना दोन्ही कडांना थोडी जास्तीची जागा सोडलेली आहे, खरं चित्र मधल्या साधारण ७०२ ते ७०४ पिक्सेलमध्ये असतं आणि १६:९ हे प्रमाण त्या मधल्या भागाचं धरायचं. आमच्या टेपच्या दोन्ही कडांना बारीकशी काळी रेघ होती, ती हीच. मग क्रॉपिंगमध्ये डावीकडे ८, उजवीकडे ८ लिहिलं, ७०४ उरले, ते १०२४ ला ताणले, आणि घड्याळ आलं चोवीस बाय चोवीस. तुमच्या फाइलीत कडांना काळी रेघ असेल तर हे करा, आणि नसेल, चित्र अगदी काठापर्यंत भरलेलं असेल, तर घड्याळ मोजूनच ठरवा, सगळे कॅमेरे हा नियम सारखा पाळत नाहीत. दोन टक्क्यांचा फरक आहे, बऱ्याच जणांना दिसणार पण नाही, मला आजीच्या गालात दिसतो.

आता दुसरी केस, मूळच ४:३ असलेलं चित्र. २००० च्या आधीची जवळपास सगळी लग्नं, व्हीएचएसवरून केलेली. इथे वाइडस्क्रीन करायचं नाही, हे हात जोडून सांगते. चित्र ७६८ बाय ५७६ करा, आणि डायमेन्शन्समध्ये बॉर्डर्स म्हणून जो पर्याय आहे त्यात डाव्या-उजव्या बाजूला १२८, १२८ काळी जागा भरा, म्हणजे फ्रेम १०२४ बाय ५७६ झाली. आता टीव्ही फुलवर असला तरी माणसं जाड होणार नाहीत. पट्ट्या बघून घरातले कुणीतरी म्हणणारच की स्क्रीन पूर्ण का भरत नाही, पैसे वाया गेले मोठ्या टीव्हीचे. त्यांना एकदा दोन्ही फाइली लागोपाठ दाखवा, आधी ताणलेली मग बरोबर, आणि त्यांच्याच आईचा चेहरा दाखवा. परत विचारत नाहीत.

तिसरी केस जरा चकवणारी. काही कॅमेऱ्यांत सिनेमा मोड नावाचा प्रकार होता, तो खरं वाइडस्क्रीन घेत नव्हता, ४:३ च्याच फ्रेमला वर-खाली काळ्या पट्ट्या मारायचा. व्हीसीडीवर वाइड चित्र असेल तर ते पण असंच असतं, कारण व्हीसीडीला १६:९ माहीतच नाही, पॅल व्हीसीडी म्हणजे ३५२ बाय २८८ आणि ४:३. असला व्हिडिओ आताच्या टीव्हीवर लावला की चारही बाजूंनी काळं आणि मधे पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र. इथे घड्याळ गोलच येतं, आकार बिघडलेला नाही, फक्त जागा वाया जातेय. ७२० बाय ५७६ मध्ये खरं चित्र ४३२ ओळींचं असतं, वर ७२ आणि खाली ७२ काळ्या. क्रॉपिंगमध्ये वर ७२, खाली ७२ लिहा, उरलेलं १०२४ बाय ५७६ करा. व्हीसीडी असेल तर वर-खाली ३६, ३६ कापायचे. एडिटिंगवाल्यानं खालच्या काळ्या पट्टीत नावं लिहिली असतील तर मात्र कापू नका, तसंच छोटं बघा, नावं जास्त महत्त्वाची.

पेनड्राइव्हवर सिनेमे पण बघत असाल तर सिनेमास्कोपवाले मोठे रुंद सिनेमे असतात, त्यांचं प्रमाण २.३९ च्या आसपास, १६:९ पेक्षा पण रुंद. १६:९ म्हणजे १.७८, हा आकडाच मुळात तडजोडीचा आहे, १९८० च्या दशकात केर्न्स पॉवर्स नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं ४:३ पासून स्कोपपर्यंतचे सगळे चौकोन एकाच क्षेत्रफळाचे काढून एकमेकांवर ठेवले आणि ते सगळे ज्यात मावतात ते प्रमाण काढलं. म्हणजे १६:९ च्या टीव्हीवर जुनं आलं तर बाजूला काळं आणि स्कोप आलं तर वर-खाली काळं, हे ठरवूनच केलेलं आहे, तो टीव्हीचा दोष नाही. १९२० रुंदीच्या फाइलीत स्कोपचं चित्र ८०४ ओळींचं असतं. १९२० बाय ८०४ ची फाइल बहुतेक टीव्ही नीट मधोमध दाखवतात, एखादा टीव्ही ती उभी ताणून १०८० करतो, मग सगळे परत बारीक. तुमचा तसा असेल तर बॉर्डर्समध्ये वर १३८, खाली १३८ भरून टाका.

घरात अजून डीव्हीडी प्लेअर असेल आणि डिस्कच करायची असेल तर चौरस पिक्सेलचा नियम तिथे चालत नाही, पॅल डीव्हीडीला ७२० बाय ५७६ च लागतं, म्हणजे खुणेवरच सगळा भरवसा. डीव्हीडीस्टायलर या डिस्क बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये करत असाल तर प्रोजेक्ट सुरू करतानाच पॅल आणि १६:९ निवडा, नंतर बदलायला गेलात की मेनू एकीकडे आणि व्हिडिओ दुसरीकडे जातो. आणि प्लेअरच्या स्वतःच्या सेटअपमध्ये टीव्ही टाइप असतो, ४:३ पॅन स्कॅन, ४:३ लेटरबॉक्स, १६:९. बारा-पंधरा वर्षांपूर्वी जुन्या काचेच्या टीव्हीला लावताना ४:३ केलेला तो तसाच राहिलेला असतो, नवा टीव्ही आला तरी कुणी बघत नाही. पॅन स्कॅनवर असेल तर दोन्ही बाजू कापल्या जाऊ शकतात, लेटरबॉक्सवर असेल तर वर-खाली पट्ट्या येतात आणि मग कुणीतरी टीव्ही ताणून ठेवतं, म्हणजे चुकीवर चूक. १६:९ करा. माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, काही कन्व्हर्ट करावंच लागत नाही.

मोबाइलवर उभे घेतलेले व्हिडिओ यात जोडायचे असतील तर १९२० बाय १०८० च्या फ्रेममध्ये मधे ६०८ रुंदीचं चित्र आणि बाजूला काळं. बाजूला त्याच चित्राची धूसर मोठी छाया टाकतात ते मला आवडत नाही, लक्ष तिकडेच जातं.

मूळ डीव्ही फाइली मात्र डिलीट करू नका. तासाला साधारण १३ जीबी होतात, तीन टेपच्या ४० जीबी, आता हार्ड डिस्कला ते काहीच नाही. टीव्हीची कॉपी ही कॉपी आहे, उद्या वेगळ्या आकाराचे टीव्ही आले तर मूळ फाइलीतून परत करता येईल, पट्ट्या भाजलेल्या कॉपीतून नाही. मी मूळ फाइलीच्या नावातच लिहून ठेवते, मावशी लग्न २००६ टेप १, खरं प्रमाण १६:९, फाइलीतली खूण ४:३ चुकीची, कडा ८ कापणे. आणि सोबत घड्याळाच्या फ्रेमचा एक स्क्रीनशॉट, गोल झाल्यानंतरचा.

मागच्या दिवाळीत तीच टेप परत लावली. अंतरपाट, मंगलाष्टकं, घड्याळ, आणि त्याच्या लगेच पुढचा शॉट आजीचा, डोळे पुसत अक्षता टाकतानाचा. आई उठून टीव्हीजवळ गेली आणि मुलीला म्हणाली, ही बघ, ही तुझी पणजी.